जीव कशात अडकला आहे?

एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. "आम्ही दर महिन्याला मिळकतीचा दशमांश देवासाठी वेगळा काढतो आणि रविवारची उपासना सहसा चुकवत नाही. तरीही प्रार्थनेला गुडघे टेकले की माझे मन फ्लॅटच्या हप्त्याकडे आणि मुलाच्या बारावीकडे धावते. ‘जेथे तुझे धन आहे तेथे तुझे मनही लागेल’ हे वचन वाचले की मला भीती वाटते. माझे धन नेमके कोठे आहे हे मला कसे कळावे? बचत करणे हाच अविश्वास आहे का? आणि मन चुकीच्या ठिकाणी लागले असेल, तर ते तेथून हलवायचे कसे?"

ताई, तीस-बत्तीस वर्षे मी पाळक म्हणून खेड्यांतल्या आणि शहरांतल्या मंडळ्यांमध्ये काम केले, आणि तुमचा हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत माझ्यापुढे आला आहे. कधी तो दवाखान्यातल्या खाटेशेजारी आला, कधी भावाभावांच्या वाटणीच्या बैठकीत, तर कधी लग्नाची बोलणी मोडल्यावर. भीती वाटते असे तुम्ही लिहिले आहे. म्हणून प्रथम एवढेच सांगतो की ज्याचे मन पूर्णपणे धनात बुडाले आहे त्याला हे वचन वाचून सहसा भीती वाटत नाही, तो ते वाचून पुढे जातो.

लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेल्या गोष्टीतला राक्षस कितीही वार केले तरी मरत नसे, कारण त्याचा प्राण त्याच्या देहात नसे. तो सात समुद्रांपलीकडे, पिंजऱ्यातल्या एका पोपटात असे. पोपटाचा पाय मुरगळला की राक्षस इकडे लंगडू लागे. ‘त्याचा सगळा जीव त्या जमिनीत अडकला आहे’ किंवा ‘तिचा जीव त्या पोरात आहे’ असे आपण मराठीत सहज बोलून जातो, तेव्हा आपल्या नकळत आपण येशूच्या डोंगरावरील प्रवचनातल्या त्या वचनाच्या अगदी जवळ आलेलो असतो. धन म्हणजे केवळ पैसा नव्हे. ज्याला धक्का लागला असता आपण येथे लंगडू लागतो, ते आपले धन होय.

आता वचनाकडे पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एकोणिसाव्या आणि विसाव्या वचनांत प्रभू शिष्यांच्या समुदायाशी ‘तुम्ही’ असे अनेकवचनात बोलतो, आणि एकविसाव्या वचनात एकाएकी ‘तुझे धन’, ‘तुझे मन’ असे एकवचन येते. जणू गर्दीतून एकेकाचा हात धरून त्याला बाजूला घ्यावे तसे. पृथ्वीवरच्या धनाला तो तीन शत्रू सांगतो : कसर (कपडे-कागद खाणारी कीड), जंग आणि चोर. कसर आधी का, असे पुष्कळजण विचारतात. त्या काळी उंची वस्त्रे हीच साठवणीची संपत्ती असे. यहोशवाच्या पुस्तकात आखानाने यरीहोच्या लुटीतून जे लपवले त्यात चांदी आणि सोन्याच्या आधी एका सुंदर झग्याचा उल्लेख आहे. ज्यांच्या आजीने पैठणी ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. चोरांविषयी मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खणून आत शिरणे’ असा आहे, कारण पॅलेस्टाईनमधल्या साध्या घरांच्या भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असत आणि चोर दाराऐवजी भिंतच पोखरून आत येत. आपल्या ‘घरफोडी’ या शब्दात तो अर्थ जसाच्या तसा उतरला आहे.

‘मन’ या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे. पवित्र शास्त्रात ज्याला इब्रीत ‘लेव’ आणि ग्रीकमध्ये ‘कार्दिया’ म्हटले आहे ते केवळ भावनांचे घर नाही; तेथे माणूस विचार करतो, बेत आखतो आणि निर्णय घेतो. जीवनाचा उगम अंतःकरणात आहे, म्हणून सर्वांत अधिक त्याचे रक्षण कर, असे नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा प्रार्थनेत आपल्याला गहिवरून येते की नाही, यावरून मन कोठे आहे हे ठरत नाही. उपासनेत डोळे भरून येणारी आणि सोमवारी सकाळी भावाचा हिस्सा गिळणारी माणसे मी पाहिली आहेत. प्रार्थनेत कोरडी वाटणारी, पण शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र रात्र बसणारी माणसेही पाहिली आहेत.

या संबंधात मला जुन्या करारातली हिज्कीया राजाची हकिकत सर्वांत बोलकी वाटते, आणि तिच्यावर व्हावे तितके मनन होत नाही असेही वाटते. हिज्कीया चांगला राजा होता. तो मरणाला टेकला असता त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली आणि देवाने त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून दिले. ही वार्ता ऐकून बाबेलच्या राजाने आपले वकील, म्हणजे राजदूत, भेटी देऊन त्याच्याकडे पाठवले. दूरदेशाहून आलेले हे पाहुणे त्याच्या आजारपणाची चौकशी करण्यासाठी आले होते. देवाने काय केले हे सांगण्याची यापेक्षा चांगली संधी कोणती असणार? हिज्कीयाने मात्र त्यांना आपले भांडार दाखवले. रुपे, सोने, सुगंधी द्रव्ये, मोलवान तेल, शस्त्रागार, सगळे दाखवले. पाहुणे गेल्यावर यशया संदेष्टा येऊन त्याला एवढेच विचारतो की त्यांनी तुझ्या घरात काय पाहिले, आणि राजा सरळपणे सांगतो की मी त्यांना दाखवली नाही अशी एकही वस्तू माझ्या भांडारात नाही. पुढे नबुखद्नेस्सराच्या काळात तेच भांडार उचलून बाबेलला नेण्यात आले. हा प्रसंग २ राजे २० मध्ये आणि यशया ३९ मध्ये आहे, पण त्याचा अर्थ उलगडणारे वाक्य २ इतिहास ३२ मध्ये आहे. तेथे म्हटले आहे की वकील आले तेव्हा देवाने हिज्कीयाला एकटे सोडले, ते त्याची परीक्षा व्हावी आणि त्याच्या मनात काय आहे ते सर्व कळावे म्हणून.

ध्यानात घ्या, हिज्कीयाने मूर्तिपूजा केली नाही, कोणाचे लुबाडले नाही, खोटेही बोलला नाही. पाहुणा घरी आला तेव्हा त्याने प्रथम कोणते दार उघडले, एवढेच घडले. मी नव्या घरांच्या प्रार्थनेला जातो तेव्हा माझ्या मनात हा प्रसंग हटकून येतो. घरात आलेल्या माणसाला आपण काय दाखवतो, कोणाविषयी बोलू लागलो की आपला आवाज चढतो, कोणता विषय निघाला की आपण गप्प होतो, यांत पुष्कळ उत्तर दडलेले असते. दाखवणे आणि लपवणे या दोन्हींचे मूळ एकच आहे. हिज्कीयाने दाखवले, आखानाने तंबूच्या आत जमिनीत पुरले, आणि दोघांच्याही मनाचा ठाव त्या वस्तूंनी दिला.

एक जवळून पाहिलेला प्रसंग सांगतो. एका मंडळीत मंदिराची डागडुजी चालू असताना जुने सागवानी बाक पॉलिशसाठी बाहेर काढले होते. तिसऱ्या रांगेतल्या बाकावर पितळेची एक छोटी पाटी होती, चार स्क्रूंनी बसवलेली, आणि तिच्यावर कोणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ तो बाक अर्पण केल्याचे कोरलेले होते. पॉलिश झाल्यावर सुताराने बाक जागच्या जागी ठेवले, परंतु ती पाटी पुन्हा बसवायची राहून गेली आणि नंतर ती सापडलीच नाही. त्या कुटुंबाने उपासनेला येणे थांबवले. पास्टरेट कमिटीत वाद झाला, पत्रे लिहिली गेली, नवी पाटी करून देण्याची तयारी दाखवली तरी ‘तीच पाटी’ हवी होती. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कुटुंबप्रमुख मला त्या चार स्क्रूंची जागा बोटांनी टेबलावर आखून दाखवत होते. मी त्यांना दोष देत नाही. आजोबांची आठवण पवित्र असते. परंतु तो बाक ज्यावर बसून प्रभूचे वचन ऐकावे म्हणून अर्पण केलेला होता, त्याच बाकापासून त्या पाटीने त्यांना दूर नेले. देवाला दिलेल्या वस्तूतही आपले धन दडलेले राहू शकते, हे मला त्या दिवशी समजले. दशमांश देत असल्यामुळे मन निश्चितच योग्य ठिकाणी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, तो याच कारणाने. पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशमांश देणाऱ्या परूशी या कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांना प्रभूने न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल सुनावले आहे.

दुसरा प्रसंग माझाच आहे. माझ्या प्रवचनांच्या वह्या मी एका लाकडी पेटीत जपून ठेवल्या होत्या. पंधरा-सोळा वर्षांचे वाचन, टिपणे, इब्री आणि ग्रीक शब्दांचे कागद त्यांत होते. एका पावसाळ्यात ती पेटी भिंतीला टेकलेली राहिली आणि वाळवी लागली. मी पेटी उघडली तेव्हा वरची वही हातात घेताच ओल्या मातीसारखी चुरली, आणि आतल्या वह्यांच्या कडांना पांढऱ्या किड्यांनी नळ्या केल्या होत्या. त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतली एक वृद्ध विधवा वारली. तिच्या दफनविधीला मी उभा होतो, तोंडाने पुनरुत्थानाची वचने वाचत होतो, आणि मनात मात्र त्या वह्या होत्या. तिच्या लेकीने माझा हात धरला तेव्हा मला आतून लाज वाटली. ज्या वह्यांत मी मत्तय ६ वरचे प्रवचन लिहून ठेवले होते, त्याही कसरीने खाव्यात आणि माझे मन कोठे होते ते त्यांच्या चुऱ्यात मला दिसावे, ही देवाची कठोर दया होती असे मी आज मानतो. सेवा, नावलौकिक, ज्ञान, मंडळीची इमारत ही पाळकांची आणि पुढाऱ्यांची नेहमीची धने होत. ती पैशांहून अधिक धोकादायक असतात, कारण त्यांच्यावर देवाचे नाव लिहिलेले असते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बचत करणे हा अविश्वास नाही. प्रभूने ‘संपत्ती साठवू नका’ म्हणताना जे ग्रीक क्रियापद वापरले आहे तेच क्रियापद प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आईबापांसाठी वापरतो : मुलांनी आईबापांसाठी साठवू नये, तर आईबापांनी मुलांसाठी साठवावे. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले म्हणून दुष्काळात मिसर देश वाचला. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, इतक्या कडक शब्दांत तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. तेव्हा घराचा हप्ता वेळेवर भरणे हे तुमचे कर्तव्य आहे, आणि महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पैसे आहेत की नाहीत याची काळजी प्रार्थनेत मनात आली, तर तेवढ्यावरून तुमचे धन फ्लॅट आहे असे ठरवू नका. थकलेले मन भटकते. भटकणे वेगळे आणि मुक्काम करणे वेगळे.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे, कारण या वचनाचा वापर करून स्त्रियांच्या अंगावरच्या चार दागिन्यांवर प्रवचने झोडलेली मी ऐकली आहेत. ज्या घरात जमीन, घर, बँकेचे खाते, सगळे नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते, तेथे तिच्या पाटल्या हाच तिच्या नावावरचा एकमेव आधार असतो. तिला ‘तुझे मन सोन्यात आहे’ असे सांगण्याआधी सांगणाऱ्याने सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे ते पाहावे. मार्काच्या बाराव्या अध्यायात गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांची (अगदी लहान नाण्यांची) जी गोष्ट आहे, तिच्या अगदी आधीच प्रभूने विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध केला आहे; हे विसरून गरिबांकडून अधिक अर्पण काढण्यासाठी ती गोष्ट सांगणे हा वचनाचा गैरवापर आहे.

मग साठवण कोठे बिघडते? लूकाच्या बाराव्या अध्यायात एक माणूस प्रभूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा. आपल्याकडच्या कोणत्याही तहसील कचेरीबाहेर ऐकू येईल असे हे वाक्य आहे. प्रभू वाटणी करून देत नाही. तो एका धनवान शेतकऱ्याचा दाखला सांगतो. त्या शेतकऱ्याचे पीक चोरीचे नाही, त्याने मजुरी बुडवल्याचेही सांगितलेले नाही. पाऊस चांगला झाला आणि जमीन पिकली. परंतु त्याचे बोलणे नीट ऐका. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा माल, आणि शेवटी ‘हे माझ्या जिवा’. एवढे पीक आले आणि सल्ला घ्यायला त्याच्याजवळ बायको नाही, शेजारी नाही, देवही नाही. तो आपल्याशीच बोलत राहतो. धान्यसाठा वाढवताना ज्या क्षणी त्याने आपल्या जिवाला ‘पुष्कळ वर्षे पुरेल, आता विसावा घे’ असे सांगितले, त्या क्षणी ते धान्य त्याचे देव झाले, कारण जिवाला ‘विसावा घे’ असे सांगण्याचा अधिकार फक्त देवाचा आहे. बचतीची परीक्षा येथे आहे. एफडीच्या पावतीकडे पाहून मनाला जी शांती मिळते ती कृतज्ञतेची आहे, की ‘आता मला कोणाची गरज नाही’ अशी आहे? आणि त्या साठ्यात दुसऱ्या कोणासाठी दार उघडे आहे का? पौल श्रीमंतांना सर्व सोडून द्या असे सांगत नाही. चंचल धनावर आशा ठेवू नका, परोपकारी व उदार व्हा, असे तो सांगतो.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळजण हे वचन उलट्या क्रमाने वाचतात : जेथे मन तेथे धन जाईल. तेही काही अंशी खरे आहे आणि म्हणूनच आपला खर्च आपले मन उघडे करतो. परंतु प्रभूने क्रम दुसरा सांगितला आहे. धन आधी, मन मागून. ‘लागेल’ हा भविष्यकाळ आहे. ज्याने पेरले नाही त्याला पाऊस लांबला तर छत्रीची कटकट वाचली एवढेच वाटते. ज्याने पेरले आहे तो दिवसातून दहा वेळा आभाळाकडे पाहतो. त्याचे मन आभाळात आधी गेले नव्हते. बियाणे मातीत गेले आणि मन त्याच्या मागे गेले.

आमच्या एका मंडळीत मुलांच्या वसतिगृहाला नेहमी नावे ठेवणारे एक गृहस्थ होते. ‘तेथे सगळा सावळागोंधळ आहे’ असे ते प्रत्येक बैठकीत म्हणत. मी त्यांना एकदा विनंती केली की वर्षभर दर महिन्याला ज्वारीचे एक पोते तुम्ही स्वतः वसतिगृहात नेऊन पोहोचवा, कमिटीकडे देऊ नका. ते नाखुशीने तयार झाले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्यांनी मला विचारले की स्वयंपाकघराचे छत गळते ते कोणाला ठाऊक आहे का. दिवाळीनंतर ते एका मुलाच्या गणिताची चौकशी करू लागले, आणि मार्चमध्ये त्या मुलाच्या परीक्षेच्या दिवशी त्यांचा मला सकाळीच फोन आला की पेपर किती वाजता आहे. त्यांचे मन बदलावे म्हणून मी त्यांना एकही प्रवचन दिले नव्हते. पोते गेले तेथे पाय गेले, आणि पाय गेले तेथे मन गेले. मन सरळ हुकमाने हलत नाही, परंतु धनाचा दोर आपल्या हातात असतो आणि मन त्या दोराला बांधलेले असते.

तरीही हे तंत्र म्हणून वापरले तर फसते, आणि येथे मला सावध करावेसे वाटते. हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोने जमीन विकून तिच्या किमतीचा काही भाग प्रेषितांच्या चरणी ठेवला, पण मन गुपचूप मागे ठेवलेल्या रकमेत राहिले. सर्व मालमत्ता अन्नदानात दिली पण प्रीती नसली तर काही लाभ नाही, असे करिंथकरांना लिहिलेले आहे. देण्याच्या आधी काहीतरी मिळालेले असावे लागते. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली ती येशू त्याच्या घरी उतरल्यावर. घरी येण्याची अट म्हणून येशूने ती मागितली नव्हती. मत्तय १३ मध्ये शेतात ठेव सापडलेला माणूस सर्वस्व विकतो, आणि तेथे प्रभूने एक शब्द घातला आहे तो वाचताना आपण गाळतो : तो ‘आनंदाच्या भरात’ विकतो. त्याला त्याग केल्यासारखे वाटतच नाही. ज्याला ठेव दिसली नाही त्याला मात्र तो वेडा वाटतो.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. १८५८ साली जन्मलेल्या या बाईंना आईवडिलांनी लहानपणापासून संस्कृत शिकवले. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेल्यावर त्यांच्याजवळ धन म्हणावे असे तेवढेच उरले होते, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच विद्येसाठी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात इब्री व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्या भाषांतरात त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द जाणूनबुजून टाळले, कारण ते खेड्यातल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकांनी वाचावे अशी त्यांची इच्छा होती. ज्या भाषेने त्यांना मान मिळवून दिला ती भाषा त्यांनी त्या बायकांसाठी बाजूला ठेवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर छापून पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांचे धन कोठे होते हे त्यांच्या पदव्यांवरून कळत नाही. दळणकांडण करणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधण्यात त्यांनी घालवलेल्या वर्षांवरून ते कळते.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या भीतीवरचा खरा उपाय आहे असे मला वाटते. निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायात देव इस्राएलाला म्हणतो की तुम्ही माझा खास निधी व्हाल. तेथला इब्री शब्द ‘सगुल्ला’ हा राजाच्या खासगी ठेवीसाठीही वापरला जाई. दावीद मंदिरासाठी आपल्या पदरचे सोने आणि रुपे देतो तेव्हा १ इतिहास २९ मध्ये तोच शब्द आला आहे. जेथे धन तेथे मन हा नियम देवालाही लावून पाहा. त्याने आपल्या लोकांना आपले धन म्हटले आहे, आणि त्या धनासाठी आपला पुत्र दिला आहे. तेव्हा त्याचे मन कोठे लागले आहे हे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जो मनुष्य स्वतः कोणाचे तरी धन आहे हे जाणतो, त्याची मूठ हळूहळू सैल होते. नुसत्या भीतीने मूठ अधिकच आवळली जाते.

आता तुमच्यापुरते सांगतो. फ्लॅटचा हप्ता प्रार्थनेतून हाकलून लावू नका. तो मनात आला की त्याच क्षणी त्याचे नाव घेऊन तो देवापुढे मांडा, रकमेसकट. नवरा-बायकोने महिन्यातून एकदा पासबुक टेबलावर उघडून एकत्र बसा आणि हिशेब प्रार्थनेसह करा. गेल्या महिन्यात कोणता खर्च आनंदाने झाला, कोणता भीतीने झाला आणि कोणता कोणाला दाखवण्यासाठी झाला, एवढेच एकमेकांना विचारा. दशमांशाखेरीज एखाद्या एका माणसाचा किंवा कामाचा भार थोडा का होईना प्रत्यक्ष स्वतः उचला, जेथे तुम्हांला स्वतः चालत जावे लागेल असा. मंडळीतली एखादी एकटी राहणारी वृद्ध आजी पुष्कळ आहे. सहा महिने करून पाहा.

आणि मुलाविषयी. तुमच्या पत्रात मला खरी काळजी फ्लॅटची वाटली नाही, त्याची वाटली. आपण मुलाला आपले धन केले की आपला जीव त्या पोपटात जातो, आणि मग त्या पोराला स्वतःच्या आयुष्याबरोबर आपल्या आयुष्याचेही ओझे वाहावे लागते. एका बारावीच्या मुलाच्या खांद्यांना ते झेपत नाही. त्याच्यावर प्रेम कमी करा असे मी म्हणत नाही. त्याचा निकाल आणि तो, ही दोन वेगळी आहेत, हे निकाल लागण्याच्या आधी त्याला तुमच्या तोंडून ऐकायला मिळावे एवढेच म्हणतो. आज संध्याकाळी जेवताना त्याला सांगून ठेवा की निकालाच्या दिवशी घरी त्याच्या आवडीची पुरणपोळी होणार आहे, टक्के कितीही असोत. आणि मग त्या दिवशी डाळ सकाळीच शिजायला घाला, निकाल ऑनलाईन लागायच्या आधी.